मुगाची पुरचुंडी गरम काहून लागते?

बर्डीचा_पोट्टा
रात्री आईनं भिजलेले मूग फडक्यात बांधून ठेवले, सकाळी पुरचुंडी उचलली तर हाताला चक्क कोमट लागली, गॅसजवळ पण नव्हती. आतमध्ये काय होऊन राहिलं? विचारायचं कारण म्हणजे मार्चमध्ये नोकरी सोडली, मोबाईल रिपेरिंगचं स्वतःचं सुरू करून राहिलो, सध्या सगळं सेव्हिंगवर आन् बाबा रोज जेवताना ऐकवतात, बसून खाल्लं तर डोंगरही सरते. म्हटलं हा मूग तरी काय करून राहिला, जमा आहे तेच खाऊन राहिला ना?

बॉटनीवाली_ताई
हो, खाऊनच राहिला. दाण्याच्या दोन डाळी हाच त्याचा डबा, स्टार्च आन् प्रोटीन भरलेला. पाणी आत गेलं की एन्झाइम कामाला लागतात, स्टार्चची साखर होते, ती ऑक्सिजन घेऊन जाळताना सगळीच ऊर्जा वाढीत जात नाही, बाकीची उष्णता होऊन निघते, तीच तुझ्या हाताला लागली. म्हणून मूग पाण्यातच बुडवून ठेवले की हवा मिळत नाही, मोड राहिले बाजूला, वास येतो. आणि मोड आल्यावर भांडं भरून वाहते ना, ते पाणी आहे रे, वाळवून तोलले तर मूळ मुगापेक्षा कमीच भरतात. बाबांचं अगदीच चुकलं नाही. फक्त बी आधी मूळ काढते, पान नंतर.

काटोल_साइड
भाऊ, पेरलं किती खोल ते सांग आधी. आमचं एका साली सोयाबीन ट्रॅक्टरनं खोल पडलं, 3-4 सेंटिमीटर पाहिजे तिथं चार बोटं खाली गेलं. निम्मं उगवलंच नाही. उकरून पाह्यलं तर कोंब पांढरे, वाकडे, वर यायच्या आधीच शिदोरी संपली. बियाणं चांगलं होतं बरं. सोयाबीनला डाळी मानेवर घेऊन वर यावं लागते, तुरीचं बरं, तिच्या डाळी खालीच राहतात. तू फर्निचर, बोर्ड यात पैसा गाडला काय?

गप्प_बसा
बीला ईएमआय नसते बे.

बर्डीचा_पोट्टा
फर्निचरचं कोटेशन 60 हजाराचं आलं होतं, काटोलवाल्या भाऊचं वाचून कॅन्सल केलं, घरच्याच टेबलावर बसतो. 4 महिने निघतील. ईएमआय आहेच गाडीची. ताई, मूग जास्त झाले म्हणून आईनं फ्रीजमध्ये टाकले, आता थांबेल ना ते?

बॉटनीवाली_ताई
थांबत नाही, हळू होते. दोन दिवसांत उसळ करून टाका.