मदत हवी आहे : कारखान्यातला कॉम्प्युटर चालू व्हायलाच सात मिनिटं

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बिलं आणि जीएसटी मी बघते. कॉम्प्युटर २०१४चा आहे, चौथ्या पिढीचा आय-३, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०.

काल मोबाईलवर वेळ लावून बघितली. बटण दाबल्यापासून पासवर्ड मागेपर्यंत २ मिनिटं १० सेकंद. पासवर्ड टाकला की डेस्कटॉप दिसतो, पण माऊसजवळचं गोल फिरतच राहतं. टॅली उघडेपर्यंत आणखी ५ मिनिटं. तोवर टेम्पो दारात उभा, आणि ई-वे बिल हातात आल्याशिवाय गाडी हलत नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १५ टक्के, डिस्क मात्र सारखी १००.

स्टार्टअपमधून वनड्राइव्ह आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर बंद केलं, अर्ध्या मिनिटाचा फरक पडला. एक कळत नाही. संध्याकाळी नीट शट डाउन केला तर सकाळी त्यातल्या त्यात लवकर चालू होतो, लाईट जाऊन बंद पडला तर जास्त वेळ खातो. यूपीएसची बॅटरी गेलेली आहे. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. खरंच गरज आहे का? ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ भरायचाय, डेटाला धक्का लागता कामा नये.

उत्तर
ताई, आधी लाईटचं सांगतो. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज स्वतःची बरीचशी जुळवाजुळव डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच उचलतं. लाईट गेली की लिहायचं राहतं, मग सगळं पहिल्यापासून. अशा झटक्यांनी डिस्कही खराब होते, बॅटरी आधी बदला.

सीपीयू मोकळा आणि डिस्क १०० म्हणजे अडतंय ते डिस्कपाशीच. हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवा. त्याआधी टॅलीचा बॅकअप घ्या आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत बघा. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि चौथ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यासाठी पुढेमागे नवीन घ्यावा लागेल, वेगासाठी नाही.

धागाकर्ती
दादा, बॅकअप दोन पेन ड्राइव्हवर घेतला. डिस्कपुढे पिवळं ‘कॉशन’ आलंय. एसएसडीवर क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करू का?

उत्तर
नको. क्लोन करताना सगळी डिस्क वाचावी लागते, आजारी डिस्कला ते झेपेलच असं नाही. एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. पण बॅकअप आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, कालचं बिल त्यात दिसलं पाहिजे.