पहिलं घर गुंतवणुकीसाठी घेतोय, पण दरवेळी दुसराच पुढे जातो

प्रश्न: तीन घरं हातची गेली. प्रत्येक वेळी कुणीतरी जास्त बोली लावली. आता चौथ्यासाठी तपासणीची अट (घर तपासून दोष निघाला तर व्यवहारातून मागे फिरता येतं, ती) सोडून द्यावी का?

उत्तर १: अजिबात नको! मी घाईत तीच अट सोडली होती. ताबा मिळाल्यावर छताची गळती कळली, पहिल्या वर्षाचं सगळं भाडं दुरुस्तीत गेलं. अट ठेवा, मुदत कमी करा. ‘चार दिवसांत तपासणी उरकतो’ म्हटलं की विकणाराही ऐकतो. कर्जाची पूर्वमंजुरी हातात ठेवा. आणि बोलीआधी जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा कागदावर लिहा: भाडं बाराऐवजी दहा महिन्यांचं धरा, त्यातून देखभाल, कर, विमा वजा करा. ९ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज काढलं तर परतफेड मुद्दलाच्या दुपटीहून जास्त होते, हे विसरू नका. लिहिलेल्या आकड्याच्या पुढे जायचं नाही.

उत्तर २: मालकी हक्काचे कागद वकिलाकडून तपासून घ्या. जुना बोजा (घरावरचं आधीचं कर्ज किंवा दावा) निघाला तर फार त्रास होतो.

प्रश्नकर्ता: आकडा लिहिला. मागची तिन्ही घरं त्यात बसतच नव्हती.