रंगासाठी जोड्या लावताना सापाचं वागणं कोण बघतं?

गवत्या (आइंडहोवेन)
बरीच वर्षं गार्टर साप (उत्तर अमेरिकेतले छोटे, बहुधा पट्टेवाले साप) पाळतोय. हल्ली इकडच्या सरीसृप बाजारात फिरलं की अस्वस्थ व्हायला होतं. अल्बिनो (रंगद्रव्य नसलेला) आहे का, 'फ्लेम' (लाल रंगाचा प्रकार) आहे का, लाल किती चढलाय, एवढंच लोक विचारतात. पिल्लू वागतं कसं, हे विचारणारा विरळाच. माझं म्हणणं असं: डोकं वर करून तसाच राहणारा, गांडूळ समोर असताना दोन बोटं बाजूला तोंड मारणारा, उलटा पडला तर सावरू न शकणारा साप कितीही देखणा असो, त्याची वीण घेऊ नये.

वागणं रक्तातून उतरतं, हे गार्टरमध्ये तर नीट दाखवून झालंय. जीवशास्त्रज्ञ स्टीव्हन अरनॉल्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या गार्टरची नवजात पिल्लं वेगवेगळी ठेवून पाहिली. कशाचीच चव माहीत नसलेली पिल्लं. किनाऱ्याकडच्या आयांची पिल्लं बिनशंखाच्या गोगलगायी खायची, आतल्या डोंगराळ भागातली बहुतेक तोंडच लावायची नाहीत. शिवाय गोगलगाय खाणारं पिल्लू जळवाही खायला तयार असायचं. एका सवयीला दुसरी बांधलेली. मग रंगामागे धावताना आपण सोबत काय काय ओढून आणतोय?

मेधा_टी
प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणून सांगते, थेट रक्ताला दोष देणं फार घाईचं आहे. गार्टर डोकं वर करून बसला, तोल जायला लागला, आचके देऊ लागला की मी आधी विचारते, खायला काय घालता? निम्म्या वेळा उत्तर येतं गोल्डफिश. स्वस्त, जिवंत, दुकानात सहज मिळणारा. त्यात थायामिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. महिनोन्‌महिने तेच खाल्लं की मज्जासंस्था कोलमडते. वेळेत आणलं, ब१ दिलं, मासा बदलला, तर बरेच साप सावरतात. तुमच्या नियमाने हे सगळे बाद होतील, आणि चूक पाळणाऱ्याची.

गवत्या (आइंडहोवेन)
मेधाताई, हे मान्य. आधी खाणं आणि तापमान सुधारायचं, मग ठरवायचं. पण एकाच विणीतली सगळी पिल्लं तेच खातात आणि त्यातल्या दोघांचाच नेम चुकतो, तेव्हा मी त्या दोघांची जोडी लावणार नाही.

पाऊलवाट
मला दोघांचंही पटत नाही. 'विचित्र' कुणी ठरवायचं? वायव्य अमेरिकेतल्या एका गार्टर जातीवर जीवशास्त्रज्ञ एडमंड ब्रोडी (तिसरे) यांचं १९८९ पासूनचं काम आहे. पट्टेवाले साप सरळ पळत सुटतात. ठिपकेवाले किंवा बिनपट्ट्याचे पळता पळता अचानक उलटे वळतात. पट्टा सरळ सरकत राहिला की त्याचा वेग शिकाऱ्याच्या नजरेला कळत नाही. ठिपकेवाला वळून थबकला की दिसेनासा होतो. रंग आणि पळण्याची तऱ्हा जनुकांतच जोडलेली. नवख्या माणसाला असा गर्रकन वळणारा साप बिघडलेला वाटेल, आणि तुमच्या नियमाने एक चांगला सुदृढ प्राणी बाद होईल. हाताळायला गरीब तेवढेच निवडत गेलो तर काही पिढ्यांनी पळणंच विसरलेला साप आपल्या हातात असेल. मला तो नको.

शीतल_पुणे
मूळ मुद्दा कुणीच घेत नाहीये. स्पायडर बॉल पायथन आठवा, म्हणजे जाळीसारख्या नक्षीसाठी पैदास केलेला आफ्रिकेतला छोटा अजगर. १९९९ पासून त्याच्या विणी घेतल्या जाताहेत. डोकं डुलतं, कधी पूर्ण पीळ पडतो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. हा दोष त्या नक्षीसोबतच येतो, हे ब्रीडरना पहिल्यापासून दिसत होतं. २०२२ मध्ये तर आतल्या कानाची रचनाच बिघडलेली असते हे छापून आलं. विक्री थांबली का? नाही. म्हणून गवत्यांनी स्वतःपुरता नियम केला तरी त्या बाजारावर काडीचा परिणाम होणार नाही. रंगप्रकारांच्या विक्रीवरच बंदी हवी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने विरोळासुद्धा घरात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

रानभैरी
शीतल, सरसकट बंदीला माझा विरोध. सॅन फ्रान्सिस्को गार्टर ही गार्टरचीच एक उपजात अमेरिकेत १९६७ पासून संकटग्रस्त यादीत आहे. युरोपात मात्र त्याच्या विणी घेतल्या जातात, त्याही मोजक्या मूळ सापांपासून. तिथे धोका वेगळा आहे. प्रत्येक थोड्या वेगळ्या सापाला बाद करत गेलात तर उरलेल्यांत भावंडांच्याच जोड्या लावाव्या लागतील, आणि ज्या दोषांना घाबरता तेच उगवतील. गवत्या, तुमचा नियम फ्लेमला ठीक, या सापाला घातक.

गवत्या (आइंडहोवेन)
रानभैरी, इतक्या कमी मूळ सापांच्या जातीला वेगळा हिशोब लागतो, हे बरोबर. पाऊलवाट, वळण्याला माझा आक्षेप नाही. तो साप वळतो आणि ठरल्या जागी थांबतो, शरीर त्याच्या ताब्यात असतं. मी बोलतोय ते ताबा सुटलेल्या शरीराबद्दल.

शीतल, बंदी येईल तेव्हा येईल. तोवर विकणाऱ्याने गिऱ्हाइकासमोर पिल्लाला एकदा खायला घालून दाखवावं. तेही वेगळ्या डब्यात, कारण दोघांनी एकच गांडूळ दोन टोकांनी धरलं की एक दुसऱ्याला गिळायला लागतो. सोबत आईबापांचं खाणं आणि वागणं लिहिलेला कागद द्यावा. माझी एक फ्लेम मादी ट्राउट माशावर आणून, ब१ देऊनही अजून बाजूलाच तोंड मारते. तिला मी शेवटपर्यंत सांभाळेन, पण या वसंतात नर तिच्या टाकीत सोडणार नाही.

मेधा_टी
तिला उजेडात आणि अंधारात वेगवेगळं खायला घालून बघा. वासावर नेम बरोबर लागत असेल तर डोळे तपासायला हवेत.