मर्यादित बजेटमध्ये व्हिडिओ संकलनासाठी संगणक: पैसे नेमके कशावर घालावेत?

रानपाखरू (प्रश्न)

नमस्कार. मी माहितीपटाच्या धर्तीवरच्या छोट्या चित्रफिती तयार करतो. दहा-वीस मिनिटांची मुलाखत, तिला जोडून बाहेरची काही दृश्ये आणि शेवटी उपशीर्षके, असे त्यांचे स्वरूप असते. चित्रीकरण मिररलेस कॅमेऱ्यावर ४के मध्ये होते, तर काही भाग मोबाइलवर टिपलेला असतो. सध्याच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमध्ये दृश्ये क्रमाने मांडायच्या पट्टीवर) दोन थर चढवले की चित्र अडखळते, आवाज पुढे निघून जातो आणि कट नेमका कोठे द्यावा हेच समजेनासे होते.

बजेट बेताचे आहे आणि एकदा घेतलेले यंत्र पुढची काही वर्षे बदलता येणार नाही. लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, आणि ग्राफिक्स कार्डावर अधिक खर्च करावा की प्रोसेसरवर, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे. जिथे चौकशी करावी तिथे गेमिंगसाठीचे यंत्र सुचवले जाते. ते संकलनालाही तितकेच उपयोगी पडते का, याचा उलगडा होत नाही.

संकलक

आपल्या प्रश्नाचे उत्तर यंत्रापेक्षा आपल्या कॅमेऱ्यातून येणाऱ्या फाईलवर अधिक अवलंबून आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी असे मला वाटते. मीडियाइन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात कॅमेऱ्याची एक फाईल उघडा आणि तीन गोष्टी टिपून ठेवा: कोडेक (चित्र आकुंचित करून साठवण्याची पद्धत) एच.२६४ आहे की एच.२६५, रंगाची खोली (रंगछटा किती बारकाईने नोंदल्या जातात) ८-बिट आहे की १०-बिट, आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती प्रमाणात राखली जाते) ४:२:० आहे की ४:२:२.

यामागचे कारण असे. एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवली जात नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि मधल्या फ्रेममध्ये बहुतांशी केवळ झालेल्या बदलांची नोंद असते. त्यामुळे एखाद्या फ्रेमवर थांबायचे झाले, तरी संगणकाला तिच्या मागच्या-पुढच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात या उलगडण्यासाठी खास बसवलेला भाग आपल्या फाईलचा प्रकार ओळखत असेल, तर मध्यम प्रतीचे यंत्रही सहज धावते. ओळखत नसेल, तर सगळा भार प्रोसेसरच्या सर्वसाधारण कोअरवर येतो आणि महागडे यंत्रही धापा टाकू लागते.

नेमकी मेख १०-बिट ४:२:२ मध्ये आहे. अनेक मिररलेस कॅमेरे हा प्रकार देतात, परंतु एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांना ४:२:२ चे हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे त्या खास भागातून उलगडणे, २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत येत नव्हते. याउलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्समधला क्विक सिंक नावाचा असाच खास भाग एच.२६५ चे १०-बिट ४:२:२ फुटेज हाताळते. म्हणून कमी बजेटमध्ये इंटेलचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर नाही याची खात्री करून घ्या. 'एफ' असलेल्या प्रोसेसरात अंगभूत ग्राफिक्स नसते, आणि किमतीतला थोडासा फरक वाचवण्याच्या नादात आपल्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग हातचा जातो. गेमिंगचे यंत्र सुचवणाऱ्यांच्या लक्षात बहुधा हेच येत नाही.

ग्राफिक्स कार्ड निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. दाविंची रिझॉल्व्ह हे संकलनाचे सॉफ्टवेअर वापरणार असाल, रंगसंस्करण आणि नॉइज काढणे ही कामे जास्त असतील, तर कार्डाची ताकद आणि त्यावरील मेमरी लागतेच. ४के टाइमलाइनसाठी ४ जीबीचे कार्ड लवकरच अपुरे पडते. मात्र मुलाखत, कट, साधे रंग आणि उपशीर्षके एवढेच काम असेल, तर आधी चांगला प्रोसेसर, मग ३२ जीबी रॅम आणि वेगवान एसएसडी घ्यावी व उरलेल्या पैशांत कार्डाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १६ जीबीवर काम चालते; परंतु घ्यायचीच झाली तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, कारण एकाच पट्टीवर मेमरीचा वेग निम्मा राहतो आणि त्याचा फटका अंगभूत ग्राफिक्सला सर्वाधिक बसतो.

जुनी रीळ

वरील उत्तरातील तांत्रिक भाग योग्य आहे, तथापि मी थोडा वेगळा विचार मांडतो. बजेट खरोखरच बेताचे असेल, तर कॅमेऱ्याच्या मूळ फाईली थेट टाइमलाइनवर चालवण्याचा अट्टहासच का धरावा? प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाईलींच्या हलक्या प्रती, तयार करा. ४केच्या एका फ्रेममध्ये ३८४० × २१६० पिक्सेल असतात आणि १९२० × १०८० च्या प्रॉक्सीत त्याच्या एक चतुर्थांश; शिवाय डीएनएक्सएचडी किंवा प्रोरेससारख्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने जुना प्रोसेसरही ती बिनतक्रार उलगडतो. संपूर्ण संकलन प्रॉक्सीवर होते आणि अंतिम एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाईलींकडे वळते, त्यामुळे चित्राच्या दर्जात काहीही उणे होत नाही. प्रॉक्सी तयार व्हायला वेळ लागतो हे खरे, पण ते काम रात्री लावून ठेवता येते. नवीन यंत्र घेण्याआधी सध्याच्या लॅपटॉपवर एक एसएसडी बसवून हा मार्ग अवश्य पडताळून पाहा.

लॅपटॉप की डेस्कटॉप, याबाबत मला शंका नाही: चित्रीकरणाच्या जागीच संकलन करण्याची गरज नसेल तर डेस्कटॉप घ्यावा. लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्डाचे नाव तेच असले, तरी त्याला मिळणारी वीज प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते, आणि लांबलचक रेंडरच्या वेळी यंत्र तापले की वेग आपोआप उतरतो. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते, त्यामुळे नंतर वाढवण्याचा मार्गच बंद होतो.

कार्यालयांतून बाहेर पडलेले जुने डेस्कटॉपही विचारात घेण्यासारखे असतात, परंतु दोन गोष्टी पाहून घ्या. विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची ८वी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर व टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची सोय) लागते. दुसरे म्हणजे अशा यंत्रांचा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग) अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या मापाचा आणि कमी वॅटचा असतो, त्यामुळे पुढे ग्राफिक्स कार्ड जोडायचे ठरवले की बाजारातला एसएमपीएस त्यात बसत नाही.

शब्दचित्र

साठवणुकीचा मुद्दा राहून गेला आहे. १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने केलेले चित्रीकरण तासाला ४५ जीबी जागा घेते. म्हणून सिस्टिम आणि चालू प्रकल्प एसएसडीवर, तर पूर्ण झालेले प्रकल्प मोठ्या हार्ड डिस्कवर अशी विभागणी करावी, आणि मूळ फुटेजची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर असलीच पाहिजे. मुलाखत देणाऱ्याने मनापासून सांगितलेली गोष्ट पुन्हा तशीच सांगितली जात नाही, त्यामुळे या दुसऱ्या डिस्कचा खर्च मी कधीच ऐच्छिक मानत नाही.

आवाज पुढे जाण्याबद्दल: मोबाइलचे चित्रीकरण बहुधा बदलत्या फ्रेमरेटचे असते, म्हणजे दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या कमी-जास्त होत राहते. हा दोष यंत्राचा नसून नवीन संगणकावरही तो तसाच राहील. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते फुटेज स्थिर फ्रेमरेटवर बदलून घ्या आणि मगच टाइमलाइनवर आणा.

रानपाखरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मीडियाइन्फोत पाहिले: कॅमेऱ्याची फाईल एच.२६५, १०-बिट, ४:२:२ आहे आणि मोबाइलचा फ्रेमरेट खरोखरच बदलता दिसतो. संकलन मला घरीच करायचे असल्याने डेस्कटॉप निश्चित केला आहे. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वापरण्याचा विचार आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड सुरुवातीला न घेता नंतर जोडले तर चालेल का?

संकलक

चालेल, मात्र एसएमपीएस आणि कॅबिनेट पुढच्या कार्डाचा विचार करून आजच घ्या. मोफत रिझॉल्व्हमधून ३८४० × २१६० पर्यंत, ६० फ्रेमच्या दराने एक्सपोर्ट करता येते, म्हणजे आपल्या कामाला ते पुरेसे आहे; परंतु विंडोजवरील मोफत आवृत्तीत १०-बिट एच.२६५ च्या फाईली उघडताना अडचण येऊ शकते. म्हणून यंत्र ठरवण्यापूर्वी ज्याच्याकडे हे सॉफ्टवेअर असेल त्याच्याकडे आपली एक फाईल नेऊन चालवून पाहा. त्या वेळी टास्क मॅनेजरमधील जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोडचा आलेख उघडा ठेवा. फाईल चालू असताना तो आलेख शून्यावरच राहिला आणि प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांकडे गेला, तर उलगडण्याचे काम हार्डवेअरकडे जात नाही असे समजावे. तसे असेल तर 'जुनी रीळ' यांनी सुचवलेला प्रॉक्सीचा मार्ग धरावा, किंवा क्विक सिंकचा लाभ घेणारे दुसरे सॉफ्टवेअर निवडावे.