वडिलोपार्जित .४५० दुनाळी रायफल: रिकाम्या पुंगळ्यांत पुन्हा दारू भरता येईल काय?

सिंदेवाहीकर

नमस्कार. मालगुजारी संपेपर्यंत, म्हणजे १९५१ पर्यंत, आमच्या पणजोबांकडे सिंदेवाही तालुक्यातील एका गावाची मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करण्याचा हक्क, होती. त्यांची एक दुनाळी रायफल वारसाहक्काने वडिलांकडे आणि त्यांच्यानंतर रीतसर परवान्यासह माझ्याकडे आली आहे. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी आहेत, घोडे बाहेरून दिसणारे आहेत आणि ट्रिगरच्या कड्याखालची दांडी बाजूला फिरवली की रायफल उघडते. परवान्यावर '.४५० बोअर (नळीच्या आतल्या पोकळीचे माप), डबल बॅरल' एवढाच उल्लेख आहे. सोबत किनॉक कंपनीची काही जुनी जिवंत काडतुसे आणि सव्वातीन इंच लांबीच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आहेत.

नागपूरच्या दुकानांत .३१५ आणि बारा बोअरपलीकडे काहीच मिळत नाही. म्हणून रिकाम्या पुंगळ्यांत नवी टोपी (घोडा आपटताच दारू पेटवणारा भाग), दारू आणि गोळी बसवून घरीच काडतुसे तयार करावीत, असा विचार मनात आला. परदेशात पुष्कळ लोक असे करतात, हे वाचले आहे. बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने बारा बोअरच्या काडतुसातली दारू काढून भरली तरी चालते, असे सांगितले. जुन्या कॉर्डाइटच्या (बिनधुराच्या जुन्या दारूच्या) जागी आज कोणती दारू आणि किती वापरावी, हे जाणकारांनी सांगावे. धुऱ्यावर रानडुकरांचा फार उपद्रव असल्याने ही रायफल त्या कामी यावी, असा चुलतभावाचा आग्रह आहे. त्याबद्दलही मत द्यावे.

जुनी नळी, नागपूर

भाऊ, त्या दुरुस्ती करणाऱ्याचा सल्ला सर्वप्रथम बाजूला ठेवा. बारा बोअरच्या काडतुसातली दारू फार झपाट्याने जळते. तिच्यापुढे छर्‍यांऐवजी नळीच्या आतल्या पिळात घट्ट बसणारी जड गोळी असली, तर गोळी जागची हलण्यापूर्वीच दाब असह्य होतो आणि नळी किंवा तिचे मागचे तोंड बंद ठेवणारे कुलूप फुटू शकते. उघडण्याच्या जागेपासून चेहरा एका वितीवर असतो, हे विसरू नका.

आता मूळ प्रश्न. दारू कोणती, हे विचारण्याआधी रायफल कोणत्या काळातली आहे, हे ठरवावे लागेल, कारण .४५० सव्वातीन इंच या एकाच मापाच्या पुंगळीत दोन अगदी वेगळी काडतुसे होऊन गेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील 'ब्लॅक पावडर एक्स्प्रेस' काडतुसात साधारण ११० ते १२० ग्रेन (ग्रेन हे वजनाचे एक लहान माप) काळी दारू आणि हलकी शिशाची गोळी असे. पुढे १८९८ च्या सुमारास जॉन रिग्बी यांच्या कंपनीने त्याच लांबीच्या पुंगळीत ७० ग्रेन कॉर्डाइट आणि ४८० ग्रेनची आवरण असलेली गोळी भरली, आणि सेकंदाला सुमारे २,१५० फूट वेगाचे '.४५० नायट्रो एक्स्प्रेस' जन्मले. त्याचा दाब काळ्या दारूच्या मानाने खूपच जास्त असतो. तरीही नवे काडतूस जुन्या रायफलीच्या काडतूस बसण्याच्या जागेत बिनतक्रार बसते, आणि खरी भीती तिथेच आहे.

आपल्या देशापुरती आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बंडखोरांच्या हाती असलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना दारूगोळा मिळू नये म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या आयातीवर बंदी घातली. .४६५, .४७० आणि .४७६ ही मापे त्यानंतर पुढे आली ती याच कारणाने. तेव्हा आपली रायफल बहुधा त्या बंदीच्या आधी आलेली असावी. बाहेरचे घोडे आणि खालची दांडी यांवरून ती काळ्या दारूच्या काळातली वाटते, परंतु तेवढ्यावर निर्णय करू नये; त्याच घडणीच्या काही रायफली कॉर्डाइटसाठीही बनल्या होत्या.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून पुढचा लाकडी भाग काढा, नळ्या वेगळ्या करा आणि त्यांच्या मागच्या टोकाला खालच्या सपाट जागेवर उमटवलेले ठसे वाचा. इंग्लंडमधील चाचणीगृहातून कॉर्डाइटसाठी तपासून निघालेल्या रायफलीवर बहुधा 'कॉर्डाइट ७०-४८० कमाल' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असतो. पहिला आकडा दारूचे ग्रेन आणि दुसरा गोळीचे वजन दाखवतो. तो मजकूर जसाच्या तसा इथे लिहावा.

वऱ्हाडातला नेमबाज, अमरावती

वरील उत्तराशी मी सहमत आहे. कॉर्डाइटऐवजी अमुक ग्रेन अमुक दारू, असे उत्तर कोणी दिलेच तर त्यावर विसंबू नये. दुनाळी रायफलीचा पेच इतर रायफलींपेक्षा वेगळा असतो, म्हणून कारण थोडे विस्ताराने लिहितो.

दोन्ही नळ्या समांतर दिसत असल्या, तरी त्या पुढच्या टोकाकडे किंचित एकमेकींकडे झुकवून पट्ट्यांनी डाखलेल्या असतात. उजवी नळी उडाली की धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे वळते. डावी उडाली की वर आणि डावीकडे. गोळी नळीबाहेर पडेपर्यंत हे वळणे सुरू झालेले असते आणि नळ्यांचा तो झुकाव नेमका तेवढेच वळण फेडून काढतो. कारखान्यातला कारागीर ठरलेल्या काडतुसाने दोन्ही नळ्या आळीपाळीने उडवून पाही, टोकाजवळचा डाख तापवून मधली पाचर मागेपुढे करी आणि ठरलेल्या अंतरावर दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकत्र पडेपर्यंत हेच चालू ठेवी. अशा रायफलींची किंमत का भारी असे, ते यावरून कळते.

म्हणून दारू बदलली की सगळा हिशेब बदलतो. गोळी हळू निघाली तर रायफलीला वळायला अधिक वेळ मिळतो, आणि उजव्या नळीची गोळी उजवीकडे व डाव्या नळीची डावीकडे पडू लागते. फार वेगाने निघाली तर गोळ्या एकमेकींची वाट ओलांडतात. परदेशातले जाणकार वेग मोजण्याचे यंत्र लावून आणि दोन्ही नळ्यांच्या गोळ्या कागदावर कुठे पडतात ते तपासून हे जुळवतात, आणि तेही ज्या रायफलीचा मूळ भार, म्हणजे दारूचे आणि गोळीचे ठरलेले वजन, ठाऊक आहे तिच्याच बाबतीत. शिवाय जुन्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के आणि पुढच्या सुधारित प्रकारात ३० टक्के नायट्रोग्लिसरीन असे. आजची बहुतेक दारू इतकी तीव्र नसते, म्हणून तिचे वजन वेगळे लागते. ती या प्रशस्त पुंगळीत अपुरी पडली तर पेटही एकसारखा घेत नाही. नळ्यांचे आतले माप न घेता विकत आणलेली कडक तांब्याची गोळी पातळ जुन्या नळीला इजा करते, ते वेगळेच.

किनॉकच्या काडतुसांबद्दलही सावध असावे. कॉर्डाइट उष्णतेने चिडते. त्यामुळे गरम देशांसाठी थोडे कमी भरलेली काडतुसे वेगळी निघत असत, आणि आपल्याकडचा मे महिना तर सर्वांना ठाऊक आहे. जुन्या टोप्यांतील क्षार नळीला गंज आणतात. काही टोप्यांतला पारा उडवलेल्या पितळेला ठिसूळ करतो, म्हणून एकदा उडालेल्या जुन्या पुंगळ्या वरून कितीही चकचकीत दिसल्या तरी पुन्हा भरण्यालायक समजू नयेत.

निवृत्त अव्वल कारकून, भंडारा

तांत्रिक बाजू वर आली आहे. मी कायद्यापुरते लिहितो. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवण्याचा परवाना नव्हे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो, आणि कलम २ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग व ते बनवण्याची यंत्रेही येतात. त्यामुळे घरात टोप्या, दारू आणि दाबयंत्र एकत्र सापडल्यास 'फक्त स्वतःसाठी भरत होतो' हा खुलासा उपयोगी पडणार नाही. आमच्या जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत सरकारी कामासाठी दारू तयार होते, म्हणून ती बाहेर कुठूनतरी मिळेल, असा समज काही लोकांचा असतो; त्या वाटेला चुकूनही जाऊ नये.

रानडुकरांबाबत: वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली अधिकृत वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय उभ्या पिकात आलेले डुक्करही मारता येत नाही. शिवाय अशी जड गोळी डुकराच्या आरपार जाऊन शेजारच्या वावरातल्या माणसाला लागू शकते, हे चुलतभावाला सांगावे. आपले गाव ताडोबा किंवा घोडाझरी अभयारण्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत असल्यास कलम ३४ प्रमाणे शस्त्राची नोंद वन्यजीव विभागाकडेही करावी लागते. परवाना हस्तांतरित होताना ही नोंद बरेचदा राहून जाते, म्हणून ती झाली आहे की नाही ते पाहून घ्यावे. तसेच २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारसाहक्काची शस्त्रे धरूनही एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक शस्त्रे ठेवता येत नाहीत.

सिंदेवाहीकर

आपणा सर्वांचे आभार. नळ्या काढून ठसे पाहिले. मुकुटाची चिन्हे आणि बोअरचा आकडा आहे, परंतु कॉर्डाइट हा शब्द किंवा ७०-४८० असे आकडे कुठेच नाहीत. काडतुसांच्या जुन्या पाकिटावर मात्र कॉर्डाइट ७० ग्रेन आणि ४८० ग्रेनची गोळी असे स्पष्ट छापलेले आहे.

जुनी नळी, नागपूर

मग ती काडतुसे आणि ही रायफल एकमेकांची नाहीत. घरात पूर्वी दुसरी रायफल असेल किंवा कोणीतरी बोअरचा आकडा जुळला म्हणून घेतली असतील. ते काहीही असो, त्यातले एकही काडतूस या रायफलीत घालू नये, बसते की नाही हे पाहण्यासाठीसुद्धा नाही. घरी गोळ्या उपटून दारू वेगळी करण्याच्या फंदातही पडू नये.

निवृत्त अव्वल कारकून, भंडारा

ती काडतुसे परवाना सोबत ठेवून परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा आपल्या पोलीस ठाण्यात जमा करावीत. पावतीवर बोअर, संख्या आणि पाकिटावरचा मजकूर लिहून घ्यावा आणि परवान्यावर दारूगोळ्याची नोंद असल्यास ती त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावी. पावतीची एक प्रत परवान्याच्या पुस्तिकेतच ठेवल्यास नूतनीकरणाच्या वेळी विचारणा झाली तर शोधाशोध होत नाही.

वऱ्हाडातला नेमबाज, अमरावती

रायफल मात्र जपून ठेवण्यासारखी आहे. नळ्या वेगळ्या केल्या की मागच्या टोकाखालच्या हुकाला धरून हवेत लोंबकळू द्या आणि बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर पट्ट्यांचा डाख शाबूत आहे. खरखर किंवा बसका आवाज आला तर कुठेतरी पट्टी सुटली असून तिच्याखाली पावसाळ्यात ओल साचून गंज चढतो. तसे असल्यास तेल लावून झाल्यावर नळ्या दस्त्याला न जोडता, तोंड खाली करून ठेवाव्यात, म्हणजे तेल लाकडात उतरून ते कुजणार नाही.