पंपात ५०० टाकायचे की ४५०? आणि अँटिबायोटिकला काय?

वाळपईची विद्यार्थिनी

नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न इनफ्यूजन पंपातल्या (सलाइन ठरलेल्या वेगाने शिरेत सोडणाऱ्या यंत्रातल्या) व्हॉल्यूमच्या, म्हणजे एकूण किती एमएल सोडायचे त्या आकड्याचा आहे. थोडे लांब लिहिते, कारण नेमके काय झाले ते सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

गेल्या आठवड्यात मला नाइट होती. सर्जिकल वॉर्डात पेडण्याच्या एक आजी होत्या, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. ऑर्डर होती आरएल (रिंगर लॅक्टेट, एक प्रकारचे सलाइन) ५०० एमएल, सहा तासांत. भागाकार करून रेट (ताशी एमएल) ८३ टाकला, व्हॉल्यूम ५००. स्टाफ सिस्टरना दाखवले आणि रात्री दहाला चालू केले. म्हणजे पहाटे चारला संपायला हवे. चारला दहा मिनिटे कमी असतानाच पंप ओरडायला लागला: लाइनमध्ये हवा. पडद्यावर अजून १४ एमएल शिल्लक आणि वर बाटली कोरडी. ड्रिप चेंबर रिकामे, तिथून पंपापर्यंत नळीत नुसती हवा. माझे हातच चालेनात. सिस्टर धावत आल्या, नळीवरचा रोलर (चिमटा) बंद केला, आजींच्या हातापासून नळी सोडवली, नवी बाटली लावून सगळी हवा काढली आणि मग परत जोडली. हवा पंपापाशीच अडली होती, आजींपर्यंत काही गेले नाही. पण त्या जाग्या झाल्या होत्या आणि विचारत होत्या, "बाय, हें कितें वाजता गो?" (हे काय वाजते आहे ग?) मला उत्तर देता आले नाही.

सकाळी ट्यूटर मॅडमनी सांगितले, बाटलीपेक्षा नेहमी कमी टाकायचे, ५०० असेल तर ४५०. मी ते वहीत लिहून ठेवले. दोन दिवसांनी माझ्या मैत्रिणीने त्याच आजींचे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लावले, म्हणजे अँटिबायोटिक, १ ग्रॅम, १०० एमएल एनएसमध्ये (नॉर्मल सलाइन), अर्ध्या तासात. रेट २०० बरोबर टाकला, आणि मॅडमचा नियम लक्षात ठेवून व्हॉल्यूम ८०. स्टाफ खूप रागावल्या, डोस अर्धवट ठेवलास म्हणून.

मग खरे काय? आमच्या पुस्तकात एमएल भागिले तास एवढेच सूत्र आहे. रेट कसा काढायचा ते कळते. व्हॉल्यूम कशावरून ठरवायचा ते कुणी सांगेल का?

फोंड्याची सिस्टर, आयसीयूत १६ वर्षे

बाय, मॅडमही बरोबर आणि स्टाफही बरोबर. दोघींनी कारण सांगितले नाही, तिथे घोटाळा झाला.

पंपाला बाटली दिसत नाही. वर ५०० लटकते आहे की ५०, त्याला ठाऊक नसते. तू दिलेला आकडा तो उलटा मोजत शून्यावर आणतो आणि शून्य झाले की हाक मारतो. मग रेट उतरवून केव्हीओवर जातो, म्हणजे शीर बंद पडू नये एवढेच थेंब. ताशी एक ते पाच एमएल, तुमच्या पंपात जे लावून ठेवले असेल ते. म्हणून आकडा टाकताना बाटलीवरचे लेबल वाचू नकोस. पंपाने मला कधी बोलावले पाहिजे, हे स्वतःला विचार.

आता तुझ्या रात्रीचा हिशेब. नव्या सेटमधली हवा काढताना साधारण २० एमएल नळीत आणि चेंबरमध्ये भरले, थोडे किडनी ट्रेत सांडले. ते पंपाने मोजलेच नाही, कारण तेव्हा नळी पंपात नव्हतीच. कंपनी बाटलीत लेबलपेक्षा किंचित जास्त भरते, पण त्या भरवशावर राहायचे नाही. शेवटी पंपाच्या खालच्या नळीत दहा-एक एमएल अडकून राहिले. पडद्यावर १४ का उरले ते आता तूच जुळवून बघ.

४५० टाकले असतेस तर तीन पंचविसाला हाक आली असती. बाटलीत तेव्हा तीसेक एमएल असते, म्हणजे ८३ च्या वेगाने वीस मिनिटे. तेवढ्यात नवी बाटली आणून, लेबल तपासून, शांतपणे लावता येते. दुसऱ्या बाटलीला सेट आधीच भरलेला असतो, तेव्हा ४८० टाकलेस तरी चालते.

डोसचे गणित वेगळे. तिथे शेवटचा थेंबही औषध आहे. १०० एमएलचे औषध त्याच औषधाने सेट भरून लावले तर २० एमएल नळीतच राहते, म्हणजे पाचवा हिस्सा. ८० ला पंप थांबला आणि कुणी सेट काढून टाकला, तर पेशंटला १ ग्रॅमऐवजी ८०० मिलिग्रॅमच मिळाले. आमच्याकडे आम्ही पूर्ण व्हॉल्यूम टाकतो, औषध मिसळताना १० एमएल वाढले असेल तर ११०, आणि बाटली संपेपर्यंत तिथेच उभे राहतो. मग त्याच सेटला एनएस लावून २५ एमएल, त्याच रेटने. रेट वाढवायचा नाही! नळीत पाणी नाही, औषधच आहे. पोटॅशियम किंवा व्हॅन्कोमायसिन असेल आणि फ्लश (लाइन धुणे) म्हणून कुणी भरकन सोडले, तर काय होईल त्याचा विचार कर.

आणखी एक, तू विचारले नाहीस तरी सांगते. त्या आजींना आरएल चालू होते ना? आरएलमध्ये कॅल्शियम असते, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनशी मिळून साका धरतो. दोन्ही एकत्र सोडायची नाहीत. त्याच लाइनमधून द्यायचे तर आरएल थांबवून आधी एनएसने लाइन नीट धुवायची आणि नंतरही धुवायची. नवजात बाळांचे नियम याहून कडक आहेत.

डिचोलीची, लहान मुलांचा वॉर्ड

ताईंनी छान सांगितले. आमच्याकडे ४५० आणि ४८० हे आकडेच येत नाहीत. मुलांना कितीही मोठी बाटली असो, व्हॉल्यूम एक-दोन तासांपुरताच. १२ किलोचे मूल धर. पहिल्या १० किलोंना ४० आणि पुढच्या २ किलोंना ४, असा मेंटेनन्स (रोजची गरज भागवणारे सलाइन) ताशी ४४ एमएल. मी व्हॉल्यूम टाकते ८८. झोपेत कुणाचे बोट चुकून रेट ४४० पडला, तर बारा मिनिटांत ८८ संपून पंप ओरडतो. तेही जास्तच, पण ५०० टाकले असते तर सगळी बाटली त्या पोराच्या अंगात गेली असती. दर दोन तासांनी जाऊन आकडा परत भरावा लागतो खरा. त्या निमित्ताने सुईची जागा सुजली का तेही बघून होते.

म्हापसा, पुरुष नर्स

रेट आणि व्हॉल्यूम यांची अदलाबदल होणे ही सगळ्यात वाईट चूक. स्टार्टआधी स्टाफपुढे दोन्ही आकडे मोठ्याने वाचावेत. चालू केल्यावर मिनिटभर चेंबरकडे बघावे. एमएलला २० थेंबांचा सेट असेल तर ८३ ला साधारण २८ थेंब दिसायला हवेत. बाटलीवर तासांच्या खुणांची पट्टीही चिकटव. आणि पंपातून नळी काढण्याआधी रोलर बंद, नाहीतर बाटली धो धो सुटते.

वाळपईची विद्यार्थिनी

सगळ्यांचे खूप आभार. ताई, त्या दिवशी स्टाफनी आरएल थांबवून आधी आणि नंतर एनएसचे फ्लश दिले होते. मी शेजारी उभी राहून बघितले होते, पण कशासाठी ते आज कळले.

आजी घरी गेल्या. काल रात्री त्यांच्याच खाटेवर नवीन पेशंट होते, तीच ऑर्डर. व्हॉल्यूम ४५० टाकला, दोन्ही आकडे सिस्टरपुढे वाचले, थेंब मोजले, २८ भरले. तीन पंचवीसला पंप वाजला तेव्हा मी नवी बाटली घेऊन खाटेपाशीच होते. पेशंट कुशीवर वळले, उठले नाहीत.

एकच शंका उरली. बाटली बदलेपर्यंत केव्हीओवर जे जाते ते इनटेकमध्ये (पेशंटला गेलेल्या एकूण द्रवाच्या नोंदीत) धरायचे ना?

फोंड्याची सिस्टर, आयसीयूत १६ वर्षे

धरायचे. चार्टवर बाटलीचे ५०० लिहू नकोस, पंपाच्या पडद्यावर एकूण गेलेला आकडा असतो तो लिही. आणि ड्युटी संपवताना तो शून्य करायचा का, ते पुढच्या स्टाफला विचारूनच कर.