स्वयंसेवी ऑनलाइन मासिक: लेख येतात, संपादनाला माणसे पुरत नाहीत

चौथा_मजला:
नमस्कार. आम्ही पाच जण गेले वर्षभर पुण्यातून एक मराठी ऑनलाइन मासिक काढत आहोत. ते सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे डेटाबेसमधील इंडेक्स, जुन्या कोडला टेस्ट जोडणे, मेमरीची गळती शोधणे असे विषय आम्ही घेतो. आम्ही सगळेच नोकरी करतो, आणि मानधन कोणीच घेत नाही, लेखकही नाहीत.

सुरुवातीला लेखांची चणचण भासेल असे वाटले होते, पण ती भासली नाही. खरी अडचण लेख हाती आल्यावर सुरू होते. दोन हजार शब्दांचा लेख नीट वाचायचा, त्यातला कोड चालवून पाहायचा आणि लेखकाशी दोनदा पत्रव्यवहार करायचा, यात माझा एक शनिवार-रविवार संपतो. अंकात असे सहा लेख असतात. गेले तीन अंक उशिरा निघाले. त्यातल्या एकात पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आयसोलेशन पातळीबद्दल, म्हणजे एकाच वेळी चालणारे व्यवहार एकमेकांपासून किती वेगळे ठेवले जातात याबद्दल, ‘पोस्टग्रेसची मूळ आयसोलेशन पातळी रिपीटेबल रीड आहे’ असे विधान तसेच प्रसिद्ध झाले. ती रीड कमिटेड आहे, आणि रिपीटेबल रीड ही मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी या साठवण-यंत्रणेची मूळ पातळी आहे, हे एका वाचकाने कळवले. ही चूक मला फार लागली, कारण आमच्यावर विसंबून एखाद्याने खात्यांच्या हिशेबाचा कोड लिहिला असता, तर त्याचे नुकसान झाले असते.

मासिक बंद करण्याची इच्छा नाही. अंकांतील अंतर वाढवावे का, आणि तपासणीची घडी कशी बसवावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

मुद्रितशोधक:
अंतर अवश्य वाढवा. ब्रिटनमधील एसीसीयू या प्रोग्रामरांच्या संघटनेचे ‘ओव्हरलोड’ हे नियतकालिक १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर निघत आले आहे, आणि ते मासिक नव्हे तर द्वैमासिक आहे. लेख परीक्षण करणाऱ्या गटातील सदस्य वाचतात, त्यांचे अभिप्राय लेखकाकडे जातात आणि मग लेख अंकात येतो. अंक वर्षाला सहाच असल्यामुळे या फेरीला पुरेसा अवधी मिळतो.

तुमच्याकडे मला मुख्य दोष दिसतो तो असा की एकच माणूस एकाच बैठकीत तीन वेगवेगळी कामे करतो आहे. आशय बरोबर आहे का हे पाहणे, कोड चालतो का हे पाहणे आणि भाषा वाचनीय करणे, या तिन्हींना वेगळी नजर लागते. आयसोलेशन पातळीची चूक निसटली ती बहुधा तुम्ही त्या वेळी वाक्यरचना दुरुस्त करत होता म्हणून. आशयाची तपासणी रोज तो डेटाबेस वापरणाऱ्या माणसाकडे द्यावी. तो संपादक मंडळात असण्याची गरज नाही, वर्षातून दोन लेख वाचायला बहुतेक लोक आनंदाने तयार होतात. कोडचे काम यंत्राकडे सोपवता येते. लेख मार्कडाउनमध्ये, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुरात, गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर ठेवावेत, उदाहरणे स्वतंत्र फायलींत ठेवून लेखात ओढून घ्यावीत, आणि प्रत्येक बदलानंतर ती आपोआप कंपाइल होऊन चालतील अशी सोय करावी. म्हणजे वाचकाला दिसणारा कोड आणि तपासलेला कोड एकच राहतो.

याहून जास्त वेळ वाचतो तो आधी आराखडा मागितल्याने. पूर्ण लिहून झालेला लेख नाकारणे लेखकालाही जड जाते आणि तुम्हालाही, म्हणून संपादक नको असलेला लेखसुद्धा दुरुस्त करत बसतो. लेखाचा मुद्दा काय, तो कोणासाठी आणि त्यात कोणते उदाहरण, एवढे अर्ध्या पानात आधी आले की होकार-नकार दहा मिनिटांत देता येतो.

परिभाषेची एक यादीही करावी. प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या ‘थ्रेड’ला एका लेखात धागा आणि दुसऱ्यात सूत्र म्हटले, तर रोज थ्रेड हाच शब्द बोलणारा वाचक अडखळतो.

रात्रपाळी:
मुळात अंक हवाच कशाला? लेख तयार झाला की लगेच प्रसिद्ध करावा, म्हणजे उशीर हा प्रश्नच उरणार नाही.

जुना_लिनक्सवाला:
रात्रपाळी यांच्याशी मी सहमत नाही. ‘लिनक्स गॅझेट’ हे लिनक्सवरील ऑनलाइन मासिक मी अनेक वर्षे वाचत होतो. जॉन फिस्क यांनी ते १९९५ मध्ये एकट्याने सुरू केले आणि वेळ पुरेना तेव्हा पुढच्याच वर्षी एका प्रकाशन संस्थेकडे सोपवले. २००३ मध्ये मासिक अंक थांबवून साहित्य सतत प्रसिद्ध करत राहण्याचा बेत पुढे आला, तेव्हा संपादनाचे काम करणारे स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळ्या संकेतस्थळावर मासिक अंक चालू ठेवले, ते २०११ पर्यंत. अंकाची तारीख ठरलेली असली की पाच जण एकाच वेळी कामाला लागतात, आणि अंक निघाल्यावर काही दिवस विसावा मिळतो. ज्या घरांत दिवाळी अंकाचे काम चालते, तिथे हे मी जवळून पाहिले आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. त्या स्वयंसेवकांना जुने अंक सोबत नेता आले, कारण साहित्य खुल्या परवान्याखाली होते; नावावरचा वाद मात्र उरला आणि एकाच नावाची दोन स्थळे झाली. तुमचे डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे आजच पाहा.

कलम_सतरा:
वरच्या मुद्द्याला धरून थोडे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या साहित्याचा पहिला मालक नियोक्ता असतो. त्यामुळे लेखकाने कार्यालयातील कोड उदाहरणात घातला, तर परवानगी देण्याचा अधिकार त्याच्याकडे नसण्याची शक्यता मोठी आहे. उदाहरण नव्याने लिहिलेले असावे, असा नियमच करा.

लेखकांकडून हक्क विकत घेतल्यासारखे लिहून घेऊ नका, लेखी परवाना घ्या; क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार खुल्या परवान्यांपैकी श्रेयनिर्देश आणि समान वाटणीचा (सीसी बाय-एसए) ४.० परवाना पुरेसा आहे. हक्कांचे हस्तांतरण करून मुदत लिहिली नाही, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते, म्हणजे जुने अंक पुढे अडचणीत येऊ शकतात.

चौथा_मजला:
सर्वांचे मनापासून आभार. डोमेन आमच्यातील एका सहकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर आहे आणि तो पुढच्या महिन्यात परदेशी जातो आहे, हे आज विचारल्यावर कळले. ते हलवण्याचे काम आधी करतो. पुढचा अंक दोन महिन्यांनी, चार लेखांचा काढायचे ठरले आहे. जुन्या बारा अंकांतील लेखकांना परवान्यासाठी पत्रे पाठवत आहोत, आणि चुकीचे विधान आलेल्या लेखाच्या वरच तारखेसह दुरुस्ती टाकली आहे. डेटाबेसवरील लेख तपासायला येथील कोणी तयार असेल, तर कृपया कळवावे.